मेतकुटाशेजारची पुडी

कलकत्त्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कालिंदी टेंबे नागपूरच्या बोर्डावर बसत. डोक्याला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा आणि टेबलातून वर आलेल्या दोऱ्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला पितळी प्लग. दिवा लागला की डाव्या हाताने दोरी उचलायची, प्लग भोकात सारायचा, ‘ट्रंक्स’ म्हणायचं आणि उजव्या हाताने पेन्सिलीने तिकीट लिहायचं. एकवीस वर्षं त्या हे काम करत होत्या. मिनिटाला तीन जोडण्या हा त्यांचा वेग सगळ्या पाळीला ठाऊक होता.

१९७३च्या पूजेच्या सुट्टीनंतर हा वेग कमी होऊ लागला. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. दोन्ही हातांची बोटं पेरांपाशी सुजत. गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवले की थोडी सैल होत, पण डलहौसीला ट्राममधून उतरेपर्यंत पुन्हा आखडत. जानेवारीत एकदा प्लग हातातून सुटला आणि मधल्या टेबलावर आपटला. आवाज एवढा झाला की पलीकडच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. फेब्रुवारीत असं चार वेळा झालं. मार्चमध्ये पत्र आलं: चोवीस जूनला वैद्यकीय मंडळापुढे हजर राहावे. हात कामाचे नाहीत असं मंडळाने ठरवलं, तर त्यांची बदली तळमजल्यावर, जुन्या तिकिटांच्या खोलीत होणार होती.

पगार तोच राहणार होता. कालिंदीबाईंची अडचण वेगळी होती. त्या मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन कलकत्त्यात आल्या त्या टेंब्यांच्या घरात, आणि टेंबे तीन पिढ्या भवानीपूरमध्ये राहिलेले. यजमान सदाशिवराव शाळेत गणित शिकवत आणि आकडेमोड बंगालीत करत. मुलगी वृंदा कॉलेजात होती. ती मराठी बोले, पण ‘औषध घेतलंस का’ऐवजी ‘औषध खाल्लंस का’ असं विचारी. घराबाहेर बंगाली, बाजारात हिंदी, साहेबांशी इंग्रजी. मराठी मोकळेपणाने कानावर पडे ती फक्त बोर्डावर. लाइन मोकळी होण्याची वाट बघताना पलीकडून नागपूरची ऑपरेटर म्हणे, “काय बाई, जेवण झालं का? इकडे तर नुसती भट्टी पेटलीय.” खासगी बोलायची मनाई होती. सगळ्याच जणी बोलत. तळमजल्यावरच्या खोलीत मात्र बोलायला कोणीच नव्हतं.

तेव्हा प्रश्न सरळ होता. चोवीस जूनपर्यंत बोटं वळायला हवी होती.

नागपूरच्या गोळ्या आल्या त्या याच सुमाराला. त्या कशा आल्या हे सांगायला कलकत्त्यातल्या मराठी घरांची एक पद्धत सांगावी लागते. बँकेतली, रेल्वेतली, केंद्र सरकारी कचेऱ्यांतली बदलीची माणसं आणि टेंब्यांसारखी जुनी घरं मिळून सगळ्यांना एकच प्रश्न सतत पडलेला असे: कोणी येतंय का? मुंबईहून नागपूरमार्गे येणाऱ्या मेलने कोणीही ओळखीचं निघालं की त्याच्या सामानात चार घरांची गाठोडी चढत. मग हावडा स्टेशनवर मोठ्या घड्याळाखाली चार घरची माणसं उभी राहत आणि आपापलं गाठोडं घेऊन जात. त्यात गोडा मसाला असे, सांडगी मिरच्या असत, मेतकूट असे. थंडीत संत्री. या सगळ्याला मिळून एकच शब्द होता: ‘घरचं’.

कालिंदीबाईंचे थोरले भाऊ मनोहर नागपुरात असत. बहिणीच्या हातांचं कळल्यावर त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टरने बाटलीभर गोळ्या दिल्या. मनोहररावांच्या पत्नी प्रेमलतावहिनी सामान बांधण्यात वाकबगार. काचेची बाटली फुटेल आणि जागाही खाईल, म्हणून त्यांनी गोळ्या कागदात ओतल्या, पुडी बांधली, दोरा गुंडाळला आणि मेतकुटाच्या डब्यात वरच्या बाजूला बसवली. चिठ्ठीत लिहिलं, ‘सकाळ-संध्याकाळ एकेक, दुधाबरोबर. मेतकुटाला या वेळी हिंग थोडा जास्त झालाय.’

हावड्याहून आलेलं गाठोडं स्वयंपाकघरात सोडलं गेलं आणि पुडी फळीवर मेतकुटाशेजारी राहिली. टेंब्यांच्या घरी औषधांची जागा वेगळी होती. बाहेरच्या खोलीत काचेचं छोटं कपाट होतं, त्यात आयोडिन, थर्मामीटर, सदाशिवरावांचे डोळ्यांचे थेंब. ज्याला डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानाचं पाकीट ते औषध, आणि ते कपाटात. पुडीला यातलं काहीच नव्हतं. शिवाय तिला हिंगाचा वास येत होता.

गोळ्या पांढऱ्या, बारीक, साखरेच्या कवचाच्या. दोन आठवड्यांत फरक पडला. मार्चच्या शेवटी कालिंदीबाईंनी वृंदासमोर मूठ मिटून दाखवली.

“बघ.”

“पुरी मिटली!” वृंदा म्हणाली. “मामाला सांग.”

एप्रिलमध्ये रेल्वेच्या संपाच्या बातम्या येऊ लागल्या. मेल बंद पडली तर काय, म्हणून मनोहररावांनी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम धाडल्या. पुडीच्या जागी आता चहाचा जुना पत्र्याचा डबा आला. बोलताना त्याला ‘पुडी’च म्हणत.

पण त्याच महिन्यात पोटात, बेंबीच्या वर, जळजळू लागलं. जेवलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा. बोर्डावर शेजारी बसणाऱ्या सुचित्रा लाहा यांनी निदान करायला अर्धं मिनिट घेतलं.

“अंबल,” त्या म्हणाल्या. कलकत्त्यात पित्ताला अंबल म्हणतात, आणि बहुतेक आजारांचं मूळ तेच समजतात. “कालिंदी-दी, तुम्ही लोक भातात डाळीचं पीठ कालवून खाता. त्याने दुसरं काय होणार?”

“माझी आजी मेतकूट-भात खाऊन नव्वद वर्षं जगली.”

“नागपूरच्या पाण्यात जगली. इथल्या पाण्यात जगून दाखवायचं होतं.”

सदाशिवरावांचं मत होतं की कँटीनमधला चहा बंद करावा. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जवसाचं पाणी सुचवलं. कालिंदीबाईंनी आठवडाभर तिन्ही मतं ऐकली आणि मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या हाजरा रोडजवळच्या लाहिडी डॉक्टरांकडे गेल्या.

लाहिडी डॉक्टर पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी बोटं एकेक दाबून पाहिली, पोट दाबलं, जीभ पाहिली.

“आणखी काही औषध चालू आहे?”

“नाही.”

कालिंदीबाई खोटं बोलल्या नाहीत, हे इथे नोंदवायला हवं. काचेच्या कपाटात त्यांच्या नावाचं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ते कपाट आलं आणि ते रिकामं दिसलं. स्वयंपाकघरातली फळी डोळ्यांपुढे आलीच नाही. मेतकूट खाता का, हे कोणी डॉक्टरला सांगत नाही.

“सांध्यांचं औषध पोटाला जड जातं,” डॉक्टर म्हणाले, “आणि तुमचं पोट आधीच कुरकुरतंय. म्हणून ही नवी गोळी देतो. यात सूज उतरवायचं औषध आहे आणि त्याच गोळीत पोट सांभाळायचं अँटासिडही आहे. दोन कामं, एक गोळी. दिवसातून तीनदा, पोटभर जेवल्यावर. रिकाम्या पोटी नाही.”

दुकानदाराने चपट्या पाकिटातल्या जाड, पिवळसर गोळ्या दिल्या. त्या काचेच्या कपाटात गेल्या.

त्या संध्याकाळी कालिंदीबाई दोन्ही गोळ्या हातावर घेऊन बसल्या. एक पांढरी, एक पिवळी. सदाशिवराव वर्तमानपत्र वाचत होते.

“अहो, ही डॉक्टरांची गोळी हाताची की पोटाची?”

“दोन्हीची म्हणाले ना?”

“एक गोळी दोन ठिकाणी कशी जाईल?”

सदाशिवरावांनी पेपर खाली घेतला. गणिताचे शिक्षक असल्याने त्यांना उत्तर देणं भाग होतं. “अगं, आत दोन वाटे असतील. एक हाताचा, एक पोटाचा.”

“म्हणजे हाताचा वाटा अर्धाच.”

“असेल.”

मग कालिंदीबाईंनी स्वतःशी जो हिशेब मांडला तो असा. नागपूरच्या गोळीने हात मोकळे झाले, हे डोळ्यांनी पाहिलेलं. तीच पोटाला लागत असावी, हेही आता डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळलं. डॉक्टरांच्या गोळीत पोट सांभाळायचं औषध आहे. तेव्हा नागपूरची हातासाठी आणि तिच्या बरोबर डॉक्टरांची पोटासाठी. डॉक्टरांच्या गोळीतला हाताचा अर्धा वाटा वरकड. हिशेबात कुठे चूक दिसत नव्हती. एवढंच की पांढऱ्या गोळीत काय आहे हे या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जळजळ खरोखरच कमी झाली. हात आणखी सुटले. मे महिन्याच्या मध्याला कालिंदीबाईंनी पुन्हा मिनिटाला तीन जोडण्या केल्या, आणि सुचित्राबाईंनी घड्याळ लावून खात्री केली. संप झाला, मेल थांबली, नागपूरच्या लाइनींवर गर्दी उसळली. गाडीने जाऊ न शकलेला प्रत्येक माणूस टेलिफोनवर आला होता. अर्जंट कॉलला पाच तास लागत. कालिंदीबाई ओव्हरटाइमला बसल्या. चोवीस जून जवळ येत होती, तेव्हा त्यांनी नागपूरची गोळी दोनाच्या तीन केली. पोटाचा बंदोबस्त झालेला होता.

जूनच्या सुरुवातीला दोन गोष्टी झाल्या. पावलं सुजू लागली. उंच स्टुलावर बसून, असं त्यांनी धरलं. आणि शौचाला काळी होऊ लागली. बाजारात जांभळं आली होती, त्या रोज पावशेर आणत, म्हणून ती जांभळांची असं त्यांनी धरलं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल घरात बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

आठ तारखेला संकष्टी होती. त्यांनी दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दोन्ही गोळ्या घेतल्या. पोटभर जेवल्यावर, असं डॉक्टर म्हणाले होते, हे आठवलं. पण पोटाचं औषध गोळीतच आहे, मग आजच्या दिवस चालेल, असंही वाटलं.

चारच्या सुमाराला वीज गेली. बोर्ड बॅटरीवर चालू राहिला, पंखे थांबले. कालिंदीबाईंनी दोरी उचलली, प्लग अर्ध्यापर्यंत नेला आणि त्या स्टुलावरून उजवीकडे कलल्या. सुचित्राबाईंनी त्यांना दंडाला धरलं आणि डाव्या हाताने तो प्लग योग्य भोकात सारला. कॉल तुटला नाही.

जमिनीवर निजवलेल्या कालिंदीबाईंभोवती आठ बायका जमल्या. पर्यवेक्षिका म्हणाल्या, उकाडा. दुसरी म्हणाली, रक्तदाब. तिसरीने गुंतागुंतीचं काहीतरी सांगितलं, ज्यात तिची नणंद होती.

“उपास,” सुचित्राबाई म्हणाल्या. “तुमचा गणपती स्वतः मोदक खातो आणि तुम्हाला उपाशी ठेवतो. आमच्या दुर्गेच्या शेजारी उभा असतो तेव्हा तर फार गुणी दिसतो.”

कालिंदीबाईंनी डोळे उघडले. “प्लग लागला का?”

“लागला. गप पडा.”

टॅक्सीने घरी आणलं. लाहिडी डॉक्टर सहाला आले. त्यांनी पापणी खाली ओढून आतला रंग पाहिला आणि बराच वेळ नाडी धरली. मग सदाशिवरावांना आणि वृंदाला बाहेर जायला सांगितलं आणि शौचाचं विचारलं.

“काळी होते. जांभळं खातेय.”

“किती?”

“रोज पावशेर.”

“डांबरासारखी? चिकट?”

कालिंदीबाईंनी मान हलवली. डॉक्टरांनी दार उघडून दोघांना आत घेतलं.

“जांभळाने जीभ रंगते. हे रक्त आहे. पोटात व्रण झालाय, तो आतून वाहतोय. माझ्या गोळीने असं होऊ शकतं, पण एवढ्या डोसने एवढ्या लवकर, आणि अँटासिड असताना, मला जरा नवल वाटतंय. तुम्ही आणखी काही घेत होता का?”

“काही नाही, डॉक्टर. तुमच्याच गोळ्या. दाखव गं, वृंदा,” सदाशिवराव म्हणाले.

वृंदाने काचेचं कपाट उघडलं. आयोडिन, थर्मामीटर, थेंब, पिवळ्या गोळ्यांचं पाकीट. डॉक्टरांनी गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

डॉक्टर विचारात पडले. सदाशिवरावही पडले. मग पलंगावरून कालिंदीबाईंचा क्षीण आवाज आला.

“वृंदा, फळीवरची पुडी आण गं. संध्याकाळची गोळी राहिलीय.”

डॉक्टरांना मराठी येत नव्हती, पण ‘गोळी’ त्यांना कळलं.

“कसली गोळी?”

“ती औषधाची नव्हे,” सदाशिवराव म्हणाले. “ती घरची.”

“घरची म्हणजे?”

“मामाकडची,” वृंदा म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलला.

पत्र्याचा डबा आला. डॉक्टरांनी तळहातावर पांढऱ्या गोळ्या घेतल्या, नाकाशी नेल्या. “हा वास कसला?”

“हिंगाचा.”

“नाव काय हिचं?”

नाव कोणालाच माहीत नव्हतं. बाटलीवर होतं, आणि बाटली नागपुरात होती.

सदाशिवराव डॉक्टरांबरोबर त्यांच्या दवाखान्यात गेले, कारण टेलिफोन तिथे होता. नागपूरचा कॉल मागितला. सुचित्राबाई पाळी संपूनही बोर्डावर थांबल्या होत्या. त्यांनी मनोहररावांचा नंबर लावण्यात वेळ घालवला नाही. नागपूरच्या ऑपरेटरला सांगितलं, तिने मनोहररावांच्या डॉक्टरचा दवाखाना शोधून काढला, आणि एकवीस मिनिटांत एक डॉक्टर दुसऱ्याच्या कानाशी आला. लाइन खरखरत होती. नाव लांबलचक. तेव्हा मधल्या दोघी ऑपरेटरांनी ते आपल्या पद्धतीने, शहरांची नावं घेत, एकेक अक्षर करून पुढे सरकवलं: पी पाटण्याचा, एच हैदराबादचा, ई एर्नाकुलमचा. लाहिडी डॉक्टरांनी कागदावर फेनिलब्युटाझोन लिहून घेतलं. मग पिवळ्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून त्यामागची बारीक अक्षरं सदाशिवरावांना वाचायला दिली. पहिलं नाव तेच होतं. त्याखाली अँटासिडची दोन नावं.

“म्हणजे दोन्ही एकच?” सदाशिवरावांनी विचारलं.

“औषध एकच. माझ्यात पोटाचं थोडं जास्त. तिने तीन माझ्या घेतल्या आणि तीन त्यांच्या. दुप्पट झालं.”

“पण ती पोटाची म्हणून घेत होती.”

“कोणती?”

“तुमची.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. “मीच तसं सांगितलं असेन,” ते म्हणाले.

त्याच रात्री इस्पितळात दोन बाटल्या रक्त चढवलं. कालिंदीबाई नऊ दिवस तिथे होत्या, दूध आणि अँटासिडच्या पांढऱ्या द्रवावर. दोन्ही गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर रोज संध्याकाळी येत, आणि रोज त्या त्यांना तोच प्रश्न थोडा फिरवून विचारत.

“म्हणजे पोटाचं औषध पोट जाळत होतं?”

“नाही. हाताचं औषध पोट जाळत होतं. त्यात पोटाचंही औषध होतं.”

“मग ते पोटाचं औषध काय करत होतं?”

“जमेल तेवढं,” डॉक्टर म्हणाले. “अँटासिड आत आहे म्हणजे पोटाला चिलखत घातलं असं नाही. आणि जळजळ थांबली म्हणजे जखम भरली असंही नाही. तुमच्या बाबतीत फक्त कळायचं थांबलं.”

कालिंदीबाईंना हे पटलं की नाही ते सांगणं कठीण. त्या वृंदाला म्हणाल्या, “हात बरे होते तेव्हा पोट बिघडत होतं. आता पोट बरं होतंय तर हात गेले. यातली बरी मी कोणती?”

हात खरोखर गेले होते. सतरा तारखेला घरी आल्या तेव्हा त्यांना साडीची निरी धरता येत नव्हती. मंडळाला सात दिवस उरले होते. डॉक्टरांनी हातासाठी नवी गोळी लिहून दिली. दुकानदाराने ती देताना विचारलं, घरात मलेरिया कोणाला झालाय? सदाशिवराव तसेच परत डॉक्टरांकडे गेले. मलेरियाचीच गोळी आहे, सांध्यांनाही चालते, डोळे मात्र तपासत राहायचे, आणि गुण यायला तीन महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाताला मलेरियाची गोळी आणि त्यासाठी डोळ्यांची तपासणी. सदाशिवरावांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, स्पष्टीकरण दिलं नाही.

नागपूरहून मनोहररावांचं पत्र आलं. ते दुखावलेले होते. ‘आमच्या डॉक्टरांचे शेकडो पेशंट त्याच गोळ्यांवर आहेत. तू तिकडे दुसरं घेत होतीस हे कळवायचं होतंस.’ खाली वहिनींच्या अक्षरात: ‘बाटली मीच काढली. पुन्हा काही काढणार नाही.’

उरलेल्या सात दिवसांत कालिंदीबाईंनी एक गोष्ट केली. सुचित्राबाईंनी जुनी, बाद झालेली दोरी प्लगसकट घरी आणून दिली. ती आणायला परवानगी होती का, हे कोणी विचारलं नाही. कालिंदीबाई जेवणाच्या टेबलाशी बसत आणि लाकडी पोळपाटाला सदाशिवरावांनी पाडलेल्या भोकात तो प्लग घालायचा प्रयत्न करत. चिमटीत धरणं जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरी पकड सापडली: पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात दोरी धरायची, प्लग तळहाताच्या उंचवट्याने ढकलायचा. हळू होतं, पण पडत नव्हतं.

चोवीस जूनला, सोमवारी, मंडळात तीन डॉक्टर होते. मूठ मिटायला सांगितलं. अर्धी मिटली. पेन्सिलीने नाव लिहायला सांगितलं. लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. मग त्यांना वर एका बंद बोर्डापाशी नेलं आणि दहा जोडण्या करायला सांगितल्या. पहिल्या चार झाल्या. पाचवीला प्लग अडखळला. एकूण सात झाल्या, आणि एकदाही प्लग खाली पडला नाही. मिनिटं मात्र सहा लागली.

परत खोलीत आल्यावर अध्यक्षांनी फॉर्म पुढे ओढला. “सध्या कोणती औषधं चालू आहेत?”

हा प्रश्न येणार हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी पर्समधून कागद काढला. वृंदाच्या अक्षरात यादी होती. मलेरियाची गोळी, सकाळी एक. अँटासिड, चार वेळा. लोहाचं औषध. इथपर्यंत अध्यक्ष लिहीत गेले.

“ओवा, चिमूटभर, कधी कधी,” कालिंदीबाई वाचत होत्या. “एरंडेल, हाताला चोळायला. शेजारणीने दिलेलं जवसाचं पाणी, दोनदा, मग सोडलं. मेतकूट.”

“मेतकूट म्हणजे?”

“भाजलेल्या डाळींचं पीठ. भाताबरोबर.”

“ते औषध नाही.”

“मला ते ठरवता येत नाही,” कालिंदीबाई म्हणाल्या. “म्हणून सगळं लिहून आणलंय.”

तिघा डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मेतकूटही लिहिलं.

निर्णय आठवड्याने आला. तीन महिने दोऱ्यांचं काम नाही. तळमजल्यावरची खोलीही नाही. चौकशीच्या टेबलावर बसायचं आणि सप्टेंबरअखेर फेरतपासणी. चौकशीच्या टेबलावर हेडफोन असतो, दोऱ्या नसतात. माझ्या कॉलला अजून किती वेळ, असं लोक विचारतात. मग ऑपरेटरने त्या त्या शहराला विचारायचं आणि उत्तर द्यायचं.

“हे चांगलं झालं की वाईट?” कालिंदीबाईंनी सुचित्राबाईंना विचारलं.

“नागपूरला विचारता येईल ना?”

“येईल.”

“मग मला कशाला विचारता?”

पहिल्या दिवशी पलीकडून नागपूरची ऑपरेटर म्हणाली, “कोण? बाई? अहो, तुमची ती गोळी मीच अक्षर-अक्षर करून पाठवली. कशी आहे आता?” कालिंदीबाईंनी सांगायला सुरुवात केली. कोणती गोळी, हे आधी स्पष्ट करण्यातच बराच वेळ गेला.

फेरतपासणीत दहाच्या दहा जोडण्या झाल्या, साडेतीन मिनिटांत. मंडळाने त्यांना नागपूरचा बोर्ड परत दिला. दिवसाला चार तास, उरलेले चार चौकशीला. सूज बरीच उतरली होती. मलेरियाच्या गोळीने की विश्रांतीने, हे लाहिडी डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात बँकेतले कोणीतरी मेलने आले आणि मोठ्या घड्याळाखाली गाठोडं मिळालं. गोडा मसाला, मेतकूट. या वेळी पुडी नव्हती. एक बाटली होती, काचेची, बूच लाखेने बंद केलेलं, वर चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर नाव, गाव आणि ‘सांध्यांसाठी तेल’. वहिनींनी ती तीन पदरी फडक्यात गुंडाळली होती. फुटली नव्हती.

कालिंदीबाई ती हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट. सदाशिवरावांनी पेपरवरून पाहिलं. मग कालिंदीबाईंनी पायात चपला घातल्या आणि बाटली पिशवीत टाकून त्या हाजरा रोडला गेल्या.

लाहिडी डॉक्टरांनी लाख फोडली, बूच काढलं, वास घेतला.

“हे औषध की घरचं?” त्यांनी विचारलं.

“ते तुम्ही सांगा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “मी मगच ते ठेवीन.”